केसपेपरवर नाव कुणाचं?

केसपेपरच्या खिडकीशी उभा राहून मी म्हणालो, "कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन करायचंय." आतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "पेशंटचं नाव?" मी माझं नाव सांगितलं. "तुमचं नाही हो, मिसेसचं सांगा." म्हटलं, मिसेसचं नाही, माझंच करायचंय. तेव्हा कुठे त्यांनी चष्मा वर सारला, माझ्याकडे बघितलं, शेजारच्या टेबलाकडे बघितलं आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अगं, जेंट्स आहेत!"

तोपर्यंत कागदावर 'सौ.' लिहून झालं होतं. ते खोडून त्यावर 'श्री.' केलं. मग मला बसायला सांगितलं ते बायकांच्या वॉर्डाबाहेरच्या बाकावर, कारण पुरुषांना बसवायची वेगळी जागाच नव्हती. बाकावर चार जणी होत्या. दोघींच्या मांडीवर तान्ही मुलं. एकीची सासू सोबत आलेली. सगळ्यात थोरली जेमतेम सव्वीस-सत्तावीसची असेल. त्यांचे नवरे बाहेर गेटपाशी, गाड्यांवर बसून मोबाईल बघत होते.

याला आता तेरा वर्षं झाली. ते खोडलेलं 'सौ.' मात्र डोक्यातून जात नाही. त्या बाईंचा त्यात काही दोष नव्हता. दिवसाला दहा नावं लिहिली तर दहाही बायकांचीच असतात, हात आपोआप तेच लिहिणार.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. देशातल्या १५ ते ४९ वयाच्या विवाहित बायकांपैकी ३७.९ टक्के बायकांचं ऑपरेशन झालेलं होतं. नवऱ्याची नसबंदी झाली आहे असं सांगणाऱ्या किती? ०.३ टक्के. म्हणजे हजार घरांत तीनशे एकोणऐंशी बायका आणि तीन पुरुष. पुढारलेल्या म्हणवणाऱ्या आपल्या महाराष्ट्रात तर जवळपास निम्म्या विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं आहे, आणि पुरुषांचा आकडा अर्ध्या टक्क्यापर्यंतही पोचत नाही.

याला आपण 'निवड' म्हणतो. माझं म्हणणं असं की ही निवड नाही, वहिवाट आहे. पाळणा कायमचा थांबवायचाच असेल तर पहिली पाळी पुरुषाची असावी. आणि पंचविशीतल्या मुलीला कायमच्या उपायाच्या टेबलावर नेण्याआधी तात्पुरत्या उपायांची नीट ओळख तिला आणि तिच्या नवऱ्याला, दोघांना, एकत्र बसवून करून दिली पाहिजे. यातला पहिला मुद्दा कुणाला भावनेचा वाटेल, म्हणून आधी शरीराचंच बघू.

बाईच्या बीजवाहिन्या ओटीपोटात खोल असतात. त्या बांधायच्या तर पोटात शिरावंच लागतं. टाक्याच्या ऑपरेशनात ओटीपोटावर छोटा छेद घेऊन नळ्या बाहेर ओढतात, बांधतात, कापतात. दुर्बिणीच्या, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'बिनटाक्याचं' म्हणतात त्या ऑपरेशनात पोटात वायू भरून पोट फुगवतात, दुर्बीण आत घालतात आणि नळ्यांवर रबरासारख्या रिंगा चढवतात. उपाशीपोटी यावं लागतं, भुलीचं औषध किंवा झोपेचं इंजेक्शन लागतं, रक्त पुरेसं आहे का ते बघावं लागतं. आतडी, मूत्राशय, मोठ्या रक्तवाहिन्या शेजारीच असतात, त्यामुळे सर्जनचा हात चुकला तर काय होईल हे सांगायला नको. पुढचे काही दिवस जड उचलायचं नाही असं सांगतात. पाण्याचा हंडा आणि वैरणीचा भारा यांना कुणी तसं सांगत नाही.

पुरुषाच्या शुक्रवाहिन्या कुठे असतात? कातडीच्या खाली, चिमटीत धरता येतील इतक्या जवळ. पोटात शिरायचा प्रश्नच येत नाही. १९७४ मध्ये चीनमधल्या ली शुन्छियांग या डॉक्टरांनी सुरीशिवाय नसबंदी करायची पद्धत काढली, तीच आता आपल्याकडे सरकारी दवाखान्यांत वापरतात. माझ्या बाबतीत झालं ते असं: त्या जागेपुरतं भुलीचं इंजेक्शन दिलं (तेवढं टोचलं, खोटं कशाला बोलू), एका गोल तोंडाच्या चिमट्याने नळी पकडली, टोकदार चिमट्याने कातडीला बारीक भोक पाडलं, नळी बाहेर काढून कापली, बांधली, परत आत सोडली. त्याच भोकातून दुसरी बाजू. टाका नाही. डॉक्टर माझ्याशी ऊसदराबद्दल बोलत होते, आणि आमचं त्यावर एकमत व्हायच्या आत ते हातमोजे काढून उभे राहिले. वीस मिनिटंही लागली नसतील. दोन दिवस आराम, घट्ट चड्डी, आठवडाभर सायकल आणि जड काम बंद. संपलं.

दोन्हींचा परिणाम एकच, पण भरवसा सारखा नाही. बाईच्या ऑपरेशननंतर पहिल्या वर्षात हजारात साधारण पाच जणींना दिवस राहतात. पुरुषाच्या नसबंदीत ते प्रमाण हजारात एक-दोन. म्हणजे सोपं, सुरक्षित आणि वर जास्त खात्रीचं. इतर कुठल्याही बाबतीत आपण डोळे झाकून हाच पर्याय घेतला असता.

मग घोडं अडतं कुठे? 'ताकद' या एका शब्दापाशी.

मी घरी सांगितलं तेव्हा आई रडायलाच लागली. म्हणाली, "तुझी ताकद गेली तर घर कोण चालवणार? तिचंच करून टाकायचं ना, बायकांना सवय असते." बायकांना सवय असते! माझ्या आईचं ऑपरेशन माझ्या धाकट्या बहिणीच्या वेळी झालं होतं आणि त्यानंतर कित्येक वर्षं ती कंबर धरून चालायची. त्या दुखण्याचं कारण ऑपरेशनच होतं की आणखी काही, हे आज कुणी सांगू शकणार नाही, पण तिने स्वतः ते कायम ऑपरेशनच्याच खात्यावर टाकलं. तरीही सुनेचं नाव पुढे करताना तिला वावगं वाटलं नाही.

तर ताकदीचं गणित असं आहे. पुरुषी संप्रेरक, म्हणजे टेस्टोस्टेरॉन, वृषणात तयार होतं आणि थेट रक्तात मिसळतं. ते त्या नळीतून जातच नाही. नळीतून जातात फक्त शुक्रजंतू. वीर्याचा बहुतेक भाग वरच्या ग्रंथींमधून येतो, त्यात शुक्रजंतूंचा वाटा अगदी थोडा. त्यामुळे नसबंदीनंतर इच्छा तीच, क्रिया तीच, वीर्यही दिसायला तेवढंच. नळीत अडलेले शुक्रजंतू शरीर जिरवून टाकतं. दाढी येते, आवाज राहतो, पोतं उचलता येतं. मी उचलतो.

एक गोष्ट मात्र नीट सांगितली जात नाही, आणि तिथेच घोटाळा होतो. नसबंदी झाली त्या दिवसापासून माणूस 'सुरक्षित' होत नाही. कापलेल्या जागेच्या पुढे नळीत शुक्रजंतू शिल्लक असतात. ते निघून जायला तीन महिने लागतात. तोवर निरोध वापरायचा किंवा बायकोने दुसरं काही घ्यायचं, आणि तीन महिन्यांनी वीर्य तपासून घ्यायचं. तपासणीत शुक्रजंतू शून्य आले की मगच निर्धास्त व्हायचं. पुष्कळ जण तपासणीला जातच नाहीत. मग दिवस गेले की संशय कुणावर येतो, हे वाचणाऱ्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे.

नसबंदीच्या विरोधात मी ऐकलेला सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे, आणि तो पुरुषांचा नाही, बायकांचा आहे. आमच्या गल्लीतली एक जण माझ्या बायकोला स्पष्ट म्हणाली, "माझं ऑपरेशन फेल गेलं तर डॉक्टरला शिव्या पडतील. त्यांचं फेल गेलं तर मला पडतील." याला पुरुषी समज म्हणून उडवून लावता येत नाही. ती बाई तिच्या घराला ओळखते. पण जरा उलटून बघा. बाईच्या ऑपरेशननंतर ते साधलं की नाही हे सांगणारी सोपी तपासणीच नाही, सगळं भरवशावर. पुरुषाच्या नसबंदीचा निकाल मात्र कागदावर मिळतो, विसंबायच्या आधी मिळतो. कायमच्या दोन उपायांपैकी ही सोय फक्त याच एकात आहे. संशयाचं औषध त्या तपासणीच्या कागदात आहे, आणि आपली यंत्रणा तोच कागद देण्यात ढिली पडते.

बाकी कारणं ऐकाल तर थक्क व्हाल. 'उद्या बायको गेली आणि दुसरं लग्न करावं लागलं तर?' हे मला एका शिकलेल्या माणसाने विचारलं होतं, त्याची बायको चहा आणून ठेवत असताना. नवरा गेला आणि तिला दुसरं लग्न करावंसं वाटलं तर, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवलाही नव्हता.

आता कुणी म्हणेल, हे सगळं पुरुषी अहंकारामुळे. अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं सरकारने घडवलेलं आहे. पन्नास-साठ वर्षांपूर्वी याच देशात नसबंदी मुख्यतः पुरुषांची होत होती. १९७१ च्या जुलैत केरळात एर्नाकुलमला भरलेल्या एकाच शिबिरात साठ हजारांहून जास्त पुरुषांनी नसबंदी करून घेतली. मग आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात सुमारे ८२ लाख नसबंद्या झाल्या, त्यातले जवळपास ६२ लाख पुरुष. किती जण आपल्या पायांनी आले आणि किती जणांना पगार, परवाना, जमीन, पोलीस यांचा धाक दाखवून आणलं, याच्या कहाण्या घरोघरी आहेत. आणि हे फक्त उत्तरेत घडलं असं समजू नका. तीन मुलांनंतर नसबंदी सक्तीची करणारं विधेयक १९७६ मध्ये आपल्याच विधिमंडळाने मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही, इतकंच.

१९७७ ला सरकार पडलं. कुटुंब नियोजनाचं नाव बदलून 'कुटुंब कल्याण' झालं, आणि पुरुषांच्या वाटेला पुन्हा जायचं नाही हा धडा सगळ्याच पक्षांनी गिरवला. पण आकडे तर हवेच होते. ते कुठून आणायचे? जी ओरडणार नाही तिच्याकडून. दुर्बिणीचं ऑपरेशन आलंच होतं. शिबिरं भरू लागली, फक्त रांग बदलली. त्या रांगेचं टोक बघायचं तर छत्तीसगडातल्या बिलासपूर जिल्ह्यात बघा. नोव्हेंबर २०१४ मध्ये एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं उरकली. १३ जणी मेल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अशी शिबिरं तीन वर्षांत बंद करा असं सांगितलं. १९७६ मध्ये पुरुषांवर झालेल्या जबरदस्तीने सरकार पडलं. २०१४ च्या तेरा मृत्यूंनी कुणाची खुर्ची हलल्याचं मला तरी आठवत नाही.

म्हणून पुरुषांची नसबंदी वाढवा असं म्हणताना मी दहा वेळा दचकतो. फेब्रुवारी २०२० मध्ये मध्य प्रदेश सरकारने आरोग्य कर्मचाऱ्यांना फर्मान काढलं होतं: किमान एक पुरुष आणा, नाहीतर पगार नाही. बोंब झाली तेव्हा ते मागे घेतलं. टार्गेट आलं की माणूस 'केस' होतो, मग तो पुरुष असो की बाई. मला पुरुषांचं टार्गेट नको आहे. मला खिडकीतल्या बाईंनी "पेशंटचं नाव?" विचारल्यावर जे नाव सांगितलं जाईल ते मुकाट्याने लिहून घ्यावं, एवढंच हवं आहे. आणि पुरुषाशी बोलायला पुरुष कर्मचारी हवा. आशाताई घरात येते तेव्हा नवरा शेतावर किंवा कामावर असतो. असला तरी ती त्याच्याशी हा विषय काढू शकत नाही, आणि काढला तर तो उठून बाहेर जातो. मग सगळं बोलणं चुलीपाशी होतं, निर्णयही तिथेच होतो, आणि ऑपरेशनही जिची चूल तिचंच.

तात्पुरत्या उपायांचं बोलायचं तर आपली गंमत अशी की सगळे फुकट मिळतात आणि सगळ्यांबद्दल अफवाही फुकट मिळतात.

तांबी घ्या. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराची प्लास्टिकची बारीक काडी, तिला तांब्याची तार गुंडाळलेली. तांब्याचे कण गर्भाशयात झिरपतात आणि शुक्रजंतूंना नाकाम करतात, बीजापर्यंत पोचूच देत नाहीत. यात हार्मोन नाही. ३८० नावाची जी तांबी सरकारी दवाखान्यात मिळते ती दहा वर्षं चालते, आणि पहिल्या वर्षात हजारात आठ-एक जणींनाच दिवस राहतात. नको झाली की काढून टाकायची, पाळणा पुन्हा मोकळा. हिशेब करा: सव्विसाव्या वर्षी एक बसवली, छत्तिसाव्या वर्षी बदलली, की बाई पाळी जायच्या उंबरठ्यावर येते. ना पोट फाडायचं, ना कायमची गाठ. पण आपल्याकडे तांबी 'काळजात चढते'. गर्भपिशवीपासून काळजापर्यंत कुठला रस्ताच नाही, पण अफवेला रस्ता कशाला लागतो. खरे त्रास वेगळे आहेत आणि ते सांगितले पाहिजेत. सुरुवातीचे काही महिने पाळीला अंगावरून जास्त जातं, पोटात दुखतं. आधीच रक्त कमी असलेल्या बाईला हे जड जाऊ शकतं. कधी ती सरकते, पडते, अगदी क्वचित पिशवीला इजा होते. आणि बाळंतपणात न विचारता, न सांगता बसवलेली तांबी ही तर विश्वासघाताची गोष्ट आहे. एकीला असं झालं की अख्खी वाडी तांबीला नाही म्हणते.

गोळ्यांचं शास्त्र वेगळं. माला-डी किंवा माला-एन मधली हार्मोन्स बीज बाहेर पडायचंच थांबवतात. रोज, न चुकता घेतली तर हजारात तीन, पण माणसं चुकतात, म्हणून प्रत्यक्षात शंभरात सात. पस्तिशीपुढच्या तंबाखू ओढणाऱ्या, रक्तदाबाच्या आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना ती देत नाहीत. पाजणाऱ्या बाईसाठी 'छाया' आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेलं हे औषध, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा आणि मग एकदाच. त्यात ते नेहमीचे हार्मोन नाहीत. आपल्या देशात निघालेल्या इतक्या चांगल्या गोळीचं नाव किती बायकांना माहीत आहे? 'अंतरा' हे इंजेक्शन २०१७ पासून सरकारी कार्यक्रमात आहे, तीन महिन्यांतून एकदा. लपवून घेता येतं, म्हणून काही घरांत तेच एक चालतं. यातच सगळं आलं. पाळीचं वेळापत्रक त्याने बिघडतं, कधी पाळी थांबतेच, आणि ते आधी नीट सांगितलं नाही तर घरचे दिवस गेले समजून धावपळ करतात. थांबवल्यावर मूल राहायलाही काही महिने लागतात.

निरोध राहिला. शंभर जोडप्यांत वर्षाला तेरा जणींना दिवस राहतात, आणि दोष बहुतेक वेळा रबराचा नसतो, न वापरल्याचा असतो. लागण टाळणारा एवढा एकच उपाय. नसबंदी, तांबी, गोळी यांपैकी कशानेही एचआयव्ही अडत नाही. मेडिकलमध्ये मिळणारी 'दुसऱ्या दिवशीची' गोळी ही बीज सुटणं पुढे ढकलणारी गोळी आहे, गर्भ पाडणारी नव्हे, आणि ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी बरी. दर महिन्याला घ्यायची ती गोष्ट नाही. दुकानदार हे सांगत बसत नाही.

हे सगळं एका संध्याकाळी, एका खोलीत, नवरा-बायकोला समोर बसवून सांगता येतं. वेळ फार लागत नाही, लागते ती लाज बाजूला ठेवायची तयारी. र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, १९२७ ला 'समाजस्वास्थ्य' हे मासिक सुरू केलं आणि १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत चालवलं. प्राध्यापकी गेली, खटले झाले, एका खटल्यात त्यांचे वकील होते बाबासाहेब आंबेडकर. पुढे १० नोव्हेंबर १९३८ ला बाबासाहेबांच्या वतीने मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला गेला. त्या भाषणात एक मुद्दा होता: बाळंतपणाच्या कळा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून जास्त मुलांना त्यांतला कुणी तयार झाला नसता. ठराव पडला. सभागृहातले बहुतेक जण पुरुषच होते, हे वेगळं सांगायला नको.

एक अट मात्र मी सोडणार नाही. एखाद्या बाईला स्वतःचंच ऑपरेशन करून घ्यायचं असेल, नवऱ्यावर तिचा भरवसा नसेल, तर तिला कुणी अडवता कामा नये. सरकारी नियमात जोडीदाराच्या संमतीची अट नाही. तरी "मिस्टरांची सही आणा" असं सांगून बायकांना परत पाठवतात, हे मी त्या बाकावर बसल्या बसल्या ऐकलं. गंमत म्हणजे माझ्याकडे मिसेसची सही कुणी मागितली नाही.

माझ्या ऑपरेशनची बातमी महिन्याभरात मित्रांत पसरली. थट्टा झाली, ती होणारच होती. पण एक जण मुद्दाम एकटा भेटला. कट्ट्यावर बसून त्याने सगळं विचारलं. दुखतं का, किती दिवस, नंतर फरक पडतो का, अगदी सगळं. त्याला दोन मुलं, धाकटी पाच महिन्यांची. मी डॉक्टरांचा नंबर दिला, तपासणीचा कागद दाखवला. निघताना म्हणाला, "बघतो, घरात बोलतो."

पुढच्या महिन्यात थंडी पडली. थंडीत टाके लवकर भरतात म्हणतात. आम्ही दोघं डिंकाचे लाडू घेऊन त्याच्या घरी गेलो तेव्हा त्याची बायको पोटाला पट्टा बांधून, कुशीवर वळायची सोय नाही म्हणून उताणी पडली होती, आणि तो मुलीला मांडीवर घेऊन म्हणाला, "हिनंच हट्ट केला, म्हणाली माझंच करू."

ती काही बोलली नाही. माझ्या बायकोने तिच्या पाठीखाली उशी सरकवली.